बिबट्याच्या लेकीला कुंकू

दिंडोरीकडच्या आमच्या मळ्यात ऊसतोड चालू होती. कोयता शेवटच्या पट्ट्याला भिडला आणि तोडणारी बाई किंचाळली. पाचटात बिबट्याची दोन पिल्लं, डोळे नुकते उघडलेली. झालं! बघता बघता अख्खं गाव मोबाईल घेऊन बांधावर. ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण ऐकतंय कोण?

सासूबाईंनी तर कहरच केला. आमच्या घरून लेक, सून, शेजारीण, कुणीही निघाली तरी कुंकू लावल्याशिवाय त्या पाठवत नाहीत. एक पिल्लू मादी आहे हे कळल्याबरोबर करंडा घेऊन धावल्या आणि तिच्या कपाळाला बोट टेकवलंच. फोन करून बोलावलेल्या वनखात्याच्या माणसानं डोक्याला हात लावला. "आजी, अहो लांब व्हा! पिल्लं इथंच ठेवायची. आई आली तर नेईल. नाही आली, तर यांचा जन्म पिंजऱ्यात जाईल."

घराजवळच्याच त्या पट्ट्यात पिल्लं क्रेटमध्ये ठेवून त्यानं गर्दी हाकलली आणि आम्हालाही घरात कोंडलं. दारं बंद, मोटर बंद, टीव्ही बंद. संडास अंगणापलीकडे, म्हणजे तोही बंद. पोरं रडकुंडीला आलेली. गोठ्यात म्हैस धारेसाठी ओरडत होती. स्वतःच्या घरात चोरासारखं बसायचं! नुसता जळफळाट होत होता माझा. पण तिकडे पिल्लं केकाटली की मी खिडकीशी धावायचे. ये गं बाई, ने एकदाची तुझी लेकरं, असं मी मनात म्हणत राहिले.

दिवेलागणीला ती आली. खिडकीच्या फटीतून आम्ही पाहिलं. पंजानं क्रेट आडवा केला, आणि एकेक करून दोन्ही लेकरं तोंडात धरून शेजारच्या उसात नेली.

"गेली बाई सुखरूप," म्हणत सासूबाई रडल्या. मीही रडले, लपवायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजाऱ्यांची तोड लागली. थोड्याच वेळात त्यांचा फोन. "वहिनी, आमच्या उसात पिल्लं सापडली. एकीच्या कपाळाला लाल हाय काहीतरी."

सासूबाई शेजारच्या उसाकडे बघत म्हणाल्या, "आता तिनं जावं तरी कुठं गं? त्याच्यापुढं नुसत्या द्राक्षबागा. लपायला आडोसा नाय."

मी पोरांना आत ओढलं आणि कडी लावून घेतली.