स्वस्तातला बॅटरीवरचा ग्राइंडर

मागच्या उन्हाळ्यात मी मोबाईलवरून बॅटरीवर चालणारा स्वस्तातला ग्राइंडर मागवला. थोरल्या भावानं तो हातात घेतला आणि हसला. "यानं लोखंड कापतंय व्हय? काकड्या काप," म्हणाला.

चारच दिवसांनी शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांच्या दुभत्या शेळीनं मळ्याच्या फाटकात मुंडकं घातलं होतं आणि शिंगं गजांत अडकून बसली होती. मळ्यात वीज नव्हती, त्यामुळं वेल्डरला बोलावूनही उपयोग नव्हता. मी ग्राइंडर उचलला आणि पळालो, मागोमाग भाऊही आला.

भावानं शेळीच्या डोक्यावर ओलं पोतं टाकून तिला घट्ट धरलं. ठिणग्या उडायला लागल्या तशी शेळीपेक्षा काकूच जास्त ओरडायल्या होत्या, "सावकाश रे बाबा, कान कापशील तिचा!" गज खालच्या बाजूनं निम्म्याहून जास्त कापला गेला आणि बॅटरी संपली.

"म्हणलो नव्हतो?" भाऊ म्हणाला, पण लगेच पहार घेऊन आला. दोघांनी जोर लावला तसा गज कटकन तुटला. शेळी सुसाट सुटली आणि काकू तिच्यामागं.

संध्याकाळी त्यांनी तांब्याभर दूध पाठवलं. त्याचा चहा पिताना भाऊ म्हणाला, "लय वाईट न्हाई मशीन."

मला कुणी विचारलं तर मी सांगतो, दिवसभराच्या कामाला हा घेऊ नका. घरच्या किरकोळ कामाला खुशाल घ्या, फक्त जास्तीची बॅटरी सोबत मागवा.