वादळाचा दाब कमी झाला, म्हणजे काय?

मैत्रिणींनो, दुपारपासून माझं कशात लक्ष नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या शोभाचा नवरा ट्रक चालवतो. कारंज्याहून संत्री भरून तो आंध्रच्या किनाऱ्याकडे निघाला होता. काल वादळाची बातमी ऐकून तो वाटेतच थांबला आणि त्याने शोभाला फोन केला. तिने माझ्याच टीव्हीवर ऐकलं होतं, वादळाचा दाब आणखी कमी झाला. ती त्याला म्हणाली, "जोर गेला त्याचा. माल सडून जाईन, निघा तुमी."

हे तिने मला आज भांडी घासताना सांगितलं. "ताई, सकाळपासून फोनच नाई लागून राह्यला."

शाळेत सिस्टरनी शिकवलेलं आठवलं. गरम समुद्राची वाफ वादळाला बळ देते. मधला दाब जितका उतरतो, तितका वारा चवताळतो. थंड पाण्यावर किंवा जमिनीवर आलं, की मगच ते खचतं.

"माहा बीपी कमी झाला तं डॉक्टर म्हणे, अंगात जोर नाई. वादळाचंबी तसंच ना?"

मी "हो" म्हणाले. ती हसली आणि तिने नळ सोडला.

वादळ आज किनाऱ्यावर आदळलं आहे. तो सुखरूप असेलही. पण त्याला पुढे कुणी धाडलं, हे तिला मी सांगावं का?