चांदमारीचं टेकाड

अंबाजोगाईहून परळीच्या रस्त्याला लागलं की गावाबाहेर एक माळ होता. त्याला सगळे चांदमारी म्हणायचे. निजामाच्या अमलात तिथं शिपाई बंदूक शिकले, पुढं तालुक्याच्या रायफल क्लबानं तो चालवायला घेतला. रविवारी सकाळी कुणीही यावं, वहीत नाव लिहावं आणि सुग्रीव जाधवर सांगेल तसं पोटावर झोपून निशाणावर गोळी मारावी. रानडुकरांसाठी परवाना काढलेले शेतकरी यायचे, एनसीसीची पोरंपोरी यायची, होमगार्ड यायचे. निशाणांच्या मागं मातीचं उंच टेकाड होतं. सुटलेली गोळी त्यात रुतायची.

सुग्रीव फौजेतून हवालदार होऊन परतला, तेव्हापासून माळ त्याच्याच ताब्यात होता. त्याला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. निशाणं चिकटवायची, लाल झेंडा लावायचा, गुरं हाकलायची. बायको केसरबाई म्हणायची, "घरात पाव्हण्यावानी येता, जेवता अन् जाता."

मग माळाच्या पलीकडं शिक्षक, कंपाउंडर, कारखान्यातले कारकून यांनी मिळून गृहनिर्माण सहकारी संस्था काढली. प्लॉट पडले, जोती उभी राहिली. दरवर्षी घरं एकेक रांग टेकाडाकडं सरकत होती, आणि सुग्रीव नजरेनंच अंतर जोखून घरी येऊन केसरबाईला सांगत होता. ती भाकरी थापता थापता हुं म्हणायची.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, दुष्काळ ऐन भरात असताना, तो रविवार आला. टेकाडामागच्या पहिल्या रांगेत वत्सलाबाई राहायच्या, सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त सिस्टर. त्यांच्या गच्चीवरच्या टाकीला भोक पडलं. आठ दिवसांनी आलेल्या टँकरचं पाणी जिन्यावरून वाहत गल्लीत गेलं. बायका कळशा घेऊन धावल्या, पण निम्मं पाणी मातीनं पिऊन टाकलं. टाकीच्या तळाशी गोळी सापडली.

संध्याकाळी संस्थेचे चेअरमन भगवानराव ती गोळी रुमालात गुंडाळून चांदमारीवर घेऊन आले. त्यांच्या मागं पंधरा-वीस माणसं होती.

"हवालदार, ही तुमची हाय का न्हाई, तेवढं सांगा."

सुग्रीवनं गोळी हातावर फिरवून बघितली. थ्री नॉट थ्रीची, क्लबाच्या मोठ्या रायफलची होती. क्लबाचे सेक्रेटरी बाजूला उभे होते, ते डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

"आमचीच हाय," सुग्रीव म्हणाला. "उद्यापासून चांदमारी बंद. मीच कुलूप लावतो."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तीस वर्षांत एक गोळी टेकाडाबाहेर गेली नव्हती, मग आताच कशी गेली? उजाडताच तो टेकाडाच्या मागच्या अंगाला गेला. तिथं ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल माग होते. मागची बाजू पोखरून नेली होती, त्यामुळं वरचा माथा खचून पुरुषभर खाली आला होता. माग थेट कॉलनीत जात होते. भर दुपारी, उन्हात चिटपाखरू नसताना, लोकांनी मुरूम नेऊन आपापल्या जोत्यात भरला होता.

सुग्रीव संतापानं तसाच भगवानरावांच्या दारात गेला. भगवानरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या जोत्यात बी चार ट्रॉल्या हायत," ते म्हणाले. "आमाला काय ठावं? मातीचा ढिगारा, कुणाच्या कामाचा न्हाई, आसं वाटलं."

सुग्रीवचा राग तिथंच अडला. कारण दर रविवारी समोरून टेकाड बघणारा तो, मागं वळसा घालून कधी गेला नव्हता. ही गोष्ट त्याला मुरूम चोरणाऱ्यांपेक्षा जास्त टोचत राहिली.

पाण्यासाठी संस्थेनं त्याच महिन्यात नवी विहीर खोदायला घेतली होती. निघालेली माती टाकायची कुठं, हा त्यांना प्रश्नच होता. सुग्रीव म्हणाला, माझ्याकडं टाका, टेकाड पुन्हा उभं करतो. ट्रॉल्या येऊन पडू लागल्या. पण मुरमात दगड होते, आणि दगडावर आपटलेली गोळी उलटी फिरते. म्हणून त्यानं वाळूची मोठी चाळणी आणली आणि सगळा ढीग चाळायला घेतला. चार दिवस एकटाच चाळत होता. पाचव्या दिवशी केसरबाई पदर खोचून आली.

"अवो, सरका तिकडं. तुमाला चाळणी धरायची अक्कल न्हाई."

दोन महिने दोघं चाळत होते. भगवानराव संध्याकाळी येऊन गोटे वेचायचे.

पावसाळ्यानंतर चांदमारीला परवानगी देणारा सरकारी अधिकारी पाहणीला आला. त्यानं टेकाडाची उंची मोजली आणि परवानगी दिली. मात्र फक्त पॉइंट टू टूची रायफल, फक्त रविवारी, दहा वाजेपर्यंत. मोठ्या बंदुका कायमच्या गेल्या. शेतकरी यायचे थांबले. सुग्रीवला ते लागलं, पण त्यानं सही केली.

पहिल्या रविवारी वत्सलाबाईंनी दार उघडलं तर हा माणूस त्यांच्या अंगणात, टेकाडाकडं तोंड करून बसलेला.

"तुम्ही इथं काय करताय? तिकडं कोण आहे?"

"तिकडं मी शिकवलेली माणसं हायत, सिस्टर. गोळी आलीच तर आदी माझ्याकडं यावी."

त्यांनी चहा आणून दिला. पलीकडं बार होत होते. प्रत्येक बाराला सुग्रीव कान टवकारायचा, माती गोळी गिळताना भद्द असा आवाज येतो तो ऐकायचा, मगच श्वास सोडायचा. दहा वाजले तेव्हा चहा तसाच गार झाला होता.

पुढं प्रत्येक रविवारी तो तिथंच बसत गेला. चार वर्षांत एनसीसीच्या पोरींपैकी दोघी राज्याच्या स्पर्धेला गेल्या, पण त्यांना नेम धरताना त्यानं क्वचितच पाहिलं.

एका रविवारी वत्सलाबाईंच्या शेजारी विटांचा ट्रक रिकामा होत होता. सुग्रीव उठून गवंड्याकडं गेला.

"किती मजले चढवणार?"

"दोन. का वो, काय झालं?" गवंडी म्हणाला.

सुग्रीवनं त्या घराकडं बघितलं, मग टेकाडाच्या माथ्याकडं. अजून निदान पाच फूट माती लागणार होती. तो तसाच भगवानरावांकडं निघाला.