मानसीच्या खिशातला चाकू

ईशान्येतल्या एका मोठ्या नदीच्या काठी आमची लष्करी इंजिनिअर कंपनी तैनात होती. मी तेव्हा हवालदार होतो आणि बोट सेक्शन माझ्या ताब्यात होते. त्या तैनातीबद्दल आज लिहिण्याचे कारण असे : तिथे माझ्यासोबत असलेल्या लान्स नाईक सदाशिव गावकर याची मुलगी मानसी येत्या सोमवारी पूर-बचाव पथकात रुजू होत आहे. रोज जवळ बाळगता येईल असा, मिटणारा छोटा चाकू मी निवडून द्यावा, अशी तिची इच्छा आहे. असला चाकू आपल्या घाटकोपरच्या घरात येणार नाही, असे तिच्या आईने, म्हणजे सुमनवहिनींनी, सांगितले आहे. दोघींचेही कारण त्या नदीत आहे.

आमचा दिनक्रम ठरलेला होता. पहाटे पीटी, मग बोटींच्या मोटारींची चाचणी, दोर तपासून गुंडाळणे, लाइफ जॅकेटच्या शिवणी पाहणे. प्रत्येक बोट पार्टीसाठी सरकारी चाकू मंजूर होते. ते कोठारात कुलपात होते. चाकू हरवला तर चौकशी होते, म्हणून क्वार्टरमास्टर तो हाताबाहेर जाऊ देत नसे. इन्स्पेक्शनच्या दिवशी चाकू बाहेर निघत, पॉलिश होत, ब्लँकेटवर ओळीने मांडले जात आणि साहेबांची पाठ फिरली की पुन्हा कुलपात जात. मी लेखी मागणी केली. उत्तर आले : ‘आवश्यकता भासल्यास देण्यात येतील.’ आवश्यकता पाण्यात भासते, आणि कोठार जमिनीवर असते, हे मी उलट कळवले. त्याचे उत्तर आले नाही.

गावकर मालवणचा. त्याच्याकडे स्वतःचा चाकू होता. पाते तळहातापेक्षा आखूड. एका हाताने उघडता यावा म्हणून पात्याला त्याने कानशीने घासून अंगठ्याएवढी खाच केली होती. बोटीत चढण्यापूर्वी तो डोळे मिटून, डाव्या हाताने, तो चाकू एकदा उघडून मिटत असे.

“रोज काय तपासतोस रे?” मी एकदा विचारले.

“चाकू तपासनंय नाय, हवालदारसाहेब. हात तपासतंय.” मग कोठाराकडे मान उडवून म्हणाला, “तुमचे चाकू लय शिस्तीचे. बराकीतसून भायर पडनत नाय.”

सेक्शन हसले. मीही हसलो.

पूर आला त्या दिवशी एका शाळेच्या छपरावर माणसे अडकल्याचा संदेश आला. मी आणि गावकर निघालो. चार स्त्रिया आणि एक म्हातारे गृहस्थ बोटीत घेतले. रेडिओवर कळवले.

“बोट टू फॉर कंट्रोल. पाच सिव्हिलियन घेतले. परत येत आहोत. ओव्हर.”

“कंट्रोल. डाव्या काठाने या. मध्ये प्रवाह जोरात आहे. ओव्हर.”

डाव्या काठाजवळ पाण्याखाली कुंपण होते. ते दिसत नव्हते. वाहत आलेला एक नायलॉनचा दोर मोटारीच्या पंख्यात गुंतला; त्याचे दुसरे टोक कुंपणात अडकलेले होते. मोटार बंद पडली. दोर ताणला गेला, बोट प्रवाहाला आडवी झाली आणि एका कडेवरून पाणी आत येऊ लागले.

“सगळे वरच्या बाजूला!” मी ओरडलो. त्या स्त्रियांना भाषा कळत नव्हती. मी त्यांना धरून वरच्या कडेवर दाबून बसवले आणि स्वतः त्यांच्यावर भार दिला. मी हललो असतो तर बोट उलटली असती.

“गावकर, दोर!”

“कापतंय.”

उजव्या हाताने मोटारीची चौकट धरून तो कमरेपर्यंत बाहेर वाकला. डाव्या हाताने चाकू उघडला. दोर तुटला. ताण सुटताच बोट उसळली आणि तिचा मागचा भाग त्याच्या छातीवर आदळला. तो पाण्यात गेला. बोट वाहत एका उंचवट्याला लागली. पाचही माणसे जिवंत उतरली. गावकर दुसऱ्या दिवशी सापडला.

चौकशी झाली. अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न मला अजून तसाच ऐकू येतो.

“खासगी चाकू ड्यूटीवर कोणाच्या परवानगीने होता?”

“सरकारी चाकू कोणाच्या परवानगीने कुलपात होते, साहेब?”

“हवालदार, विचारले तेवढेच सांगा.”

मी माझे उत्तर जबाबात नोंदवून घेतले, जबाब वाचून दाखवायला लावला आणि मगच सही केली. तरीही गावकरच्या मृत्यूवर ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असा शेरा आला. तो शेरा निघेपर्यंत मी अर्जांवर अर्ज केले. निवृत्त होऊन मुलुंडला आल्यावरही केले. शेवटी तो निघाला. माझा संताप निघाला नाही, आणि तो निघावा असे मला वाटतही नाही.

गेल्या शनिवारी मानसीला घेऊन मी मुलुंडच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आधी बटण दाबल्यावर झटकन उघडणारा चाकू दाखवला.

“हा माणसांना घाबरवण्यासाठी असतो,” मी म्हणालो. “ठेवा आत.”

“काका, हळू. त्यांनी नुसता दाखवला.”

मग मी निकष सांगितले. पाते आखूड आणि गंजरोधक पोलादाचे असावे; मुंबईच्या खाऱ्या हवेत साधे पोलाद टिकत नाही. पात्याची अर्धी धार करवतीसारखी हवी, म्हणजे ओला दोर निसटत नाही. उघडल्यावर पाते कुलूपबंद झाले पाहिजे. नाहीतर जोर देताच ते बोटांवर मिटते. कोणत्याही हाताच्या अंगठ्याने उघडावे. मूठ भगव्या रंगाची, म्हणजे चिखलात दिसते. हे कामाचे अवजार आहे, त्यामुळे पथकाचे ओळखपत्र सोबत असावे. विमानतळावर आणि मेट्रोत ते नेऊ नये.

“आणि मेट्रोच्या गेटवर कोणी अडवलं तर कायद्याचं कलम सांगायचं नाही,” मानसी म्हणाली. “तुमच्यामुळे मागच्या वेळी अख्खी रांग खोळंबली होती.”

असे तीन चाकू मी निवडले. शेवटची निवड तिची. पण ती पैसे द्यायला पुढे होईना. “आई नाही म्हणाली तर मी नाही घेणार, काका.” दुकानदाराने विश्वासाने ते तिन्ही आमच्याबरोबर दिले आणि आम्ही घाटकोपरला गेलो.

वहिनींनी चाकूंकडे पाहिले. हात लावला नाही.

“भावजी, ता हत्यार नसता तर ते वाकले नसते.”

“नसते वाकले, वहिनी. आणि बोट उलटली असती. आम्ही सातही जण गेलो असतो.”

“माका ठावक असा.” वहिनी म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. “तुझ्या होडीत माणसा किती असतत?”

“पथकातले चार.”

“आणि चाकू एकट्या तुझ्याकडेच?”

“बाकीच्यांचं मला माहीत नाही, आई.”

“मग चार घे. एकट्याकडे चाकू असलो की वाकूक पण तेकाच लागता.”

चौकशीच्या सगळ्या कागदांत हे वाक्य कुठेही नाही. मानसीने त्यातला एक निवडला आणि तसलेच एकूण चार घेतले. प्रत्येक बचाव बोटीतील प्रत्येक व्यक्तीला चाकू द्यावा, असा अर्ज मी पथकाच्या प्रमुखांना पाठवला आहे. उत्तर येईपर्यंत पाठवत राहीन.

त्या पाच जणांची नावे मला कधीच कळली नाहीत. ते उतरले आणि आपल्या माणसांकडे धावत गेले. तसेच व्हायला हवे होते. ज्याने त्यांना उतरवले, त्याचे नाव लान्स नाईक सदाशिव गावकर. तो निष्काळजी नव्हता.