टोचत नाही, काचतंय

"यातला डॉक्टर घाटगे कोण?"

मार्कने माझ्या वर्कबेंचवर एक पत्र ठेवत विचारलं. मार्क आमच्या क्लिनिकचा मालक. मी ग्राइंडर बंद केला, चष्म्यावरची प्लास्टिकची पूड पुसली आणि पत्र वाचलं. घाटगे मीच. डॉक्टर मात्र मी नाही, कधीच नव्हतो.

पत्र राज्याच्या लायसन्सिंग बोर्डाचं होतं. तुमच्याकडे लायसन्स नसलेला एक माणूस डॉक्टर या नावाने पेशंटवर उपचार करतो, असं आमच्याकडे आलेल्या पत्रावरून दिसतं. तरी तो माणूस, त्याची सुपरवायझर आणि मालक यांनी पेशंटची फाइल घेऊन हजर राहावं. पेशंटलाही बोलावलं होतं. सोबत मूळ पत्राची कॉपी होती आणि तिची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टु स्टेट' अशी होती. ते वाचून मी कपाळाला हात लावला. असं इंग्रजी लिहिणारी आमची एकच पेशंट होती. इनामदार बाई.

आमचं काम थोडक्यात सांगतो. पाय कापावा लागलेल्या माणसाला कृत्रिम पाय बसवतात. उरलेला पाय ज्या कडक पेल्यात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. सगळी गोम त्या सॉकेटमध्ये. ते नीट बसलं तर माणूस चालतो, नाही तर पाय कपाटात जातो. पेशंटला तपासणं, माप घेणं, पाय चढवून बघणं हे प्रोस्थेटिस्टचं काम. तो सांगेल तसं सॉकेट बनवणं, घासणं, कापणं हे टेक्निशियनचं. मी टेक्निशियन.

मी आधी चँडलरला होतो. तिथे ॲरिझोनात या कामाला राज्याचं लायसन्स नव्हतं, त्यामुळे मी पेशंटपाशी उभा राहून पट्टाबिट्टा ओढून देत असे. न्यू जर्सीत आलो तर इथे लायसन्सचा कायदा. मार्कने पहिल्याच दिवशी लॅबच्या दारात जमिनीवर पिवळी टेप चिकटवली. टेपच्या पलीकडे पेशंट, अलीकडे मी.

खरं सांगतो, त्या टेपकडे बघून माझं डोकं फिरायचं. कोल्हापूरला अठरा वर्षं मी स्वतः पाय बसवलेत. इथे लायसन्स हवं तर मास्टर्स करा, मग रेसिडेन्सी, मग परीक्षा. पन्नाशीला कोण जातोय कॉलेजात? पण एक गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही, ती इथे सांगतो. कोल्हापूरला माझ्या एका सॉकेटने एका डायबेटिसवाल्या माणसाला जखम झाली. ती चिघळली आणि त्याचा पाय आणखी वर कापावा लागला. मला कुणी जाब विचारला नाही. इथे विचारतात. म्हणून कितीही राग आला तरी मी टेप ओलांडत नाही.

आमची प्रोस्थेटिस्ट रिया. जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे. लायसन्स मिळून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पोरगी कामाला चोख, पण मराठी 'जेवले', 'झोपले', 'दुखतंय' इथवरच. मला काका म्हणते.

आणि इनामदार बाई म्हणजे साताऱ्याकडच्या जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आता इथे जवळच पिस्कॅटवेला मुलाकडे राहतात. डायबेटिसमुळे गुडघ्याखाली एक पाय गेलेला. इंग्रजीत अर्ज लिहिण्यात पटाईत, पण समोर अमेरिकन माणूस भराभर बोलायला लागला की गप्प. नवीन पाय बसवल्यावर तीन आठवड्यांत तीनदा आल्या. दर वेळी मुलगा, निनाद, सांगायचा, "आईला पेन होतोय."

"व्हेअर?" रिया विचारायची.

"सगळीकडेच म्हणतेय."

मग रिया नडगीच्या हाडापाशी सॉकेटमध्ये थोडी जागा करून द्यायची, कारण बहुतेकांना तिथेच लागतं. बाई ताठ उभ्या राहून चार पावलं चालून दाखवायच्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "हा पाय नकोच मला. मी आपली खुर्चीतच बसेन." रिया काकुळतीला आली होती.

लॅबचं दार उघडं होतं. मला बाईंचा आवाज आला. "टोचत नाही गं पोरी. काचतंय. काचतंय."

"हो आजी, दुखतंय," रिया म्हणाली.

आता मला राहवेना. मी टेपपाशी जाऊन उभा राहिलो. "बाई, परकराची नाडी काचते तसं होतंय का?"

"अगदी तसंच. आणि बसल्यावर. गाडीत तर जीव नकोसा होतो."

झालं. टोचतं ते एका जागी, आणि काचतं ते कडेला. रिया तीन आठवडे पुढचं हाड धरून बसली होती आणि दुखणं होतं गुडघ्यामागे. तिथे सॉकेटची कड जरा उंच राहिली होती आणि पाय दुमडला की रुतत होती. क्लिनिकमध्ये बाई एक तर उभ्या असायच्या नाही तर पाय सरळ ठेवून बसायच्या, म्हणून ते कुणाला दिसलं नाही.

मी रियाला शब्दाचा अर्थ सांगितला, बाकी काही नाही. तिने बाईंचा गुडघा दुमडून पाहिला. मागे लाल वळ होता. तिने सॉकेटवर पेन्सिलने रेघ मारली आणि ते टेपवरून माझ्या हातात दिलं. मी रेघेपर्यंत कड कापली, गोल घासली, परत दिलं. तिने पाय चढवला. बाई पाय दुमडून खुर्चीत बसल्या, थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "गेलं."

"डॉक्टर, आत या की. बघा तरी," त्या मला म्हणाल्या. एकदा नाही, तीनदा.

"मला येता येत नाही, बाई. आणि मी डॉक्टर नाही."

"असू दे, असू दे. नाव काय तुमचं?"

मी नाव सांगितलं. जाताना बाई रिसेप्शनच्या भिंतीवरची नोटीस वहीत उतरवून घेत होत्या. काही तक्रार असल्यास बोर्डाला या पत्त्यावर कळवा, अशी ती नोटीस. मला वाटलं, मास्तरांची सवय, दिसेल ते लिहून घेतात.

तर त्या पत्त्यावर बाईंनी पत्र धाडलं होतं. मॅडमना तीन आठवडे जे जमलं नाही ते डॉक्टर घाटगे यांनी पाच मिनिटांत बरं केलं, तरी त्यांच्या सेवेची नोंद घेऊन त्यांना योग्य ती बढती मिळावी ही विनंती. मी बाईंना फोन लावला.

"बाई, हे काय केलंत?"

"वर कळवलं. चांगलं काम केलं तर वरिष्ठांना कळवायला नको? मी मुख्याध्यापिका होते तेव्हा शिक्षकांसाठी अशी कितीतरी पत्रं पाठवलीत. दोघांना तर आदर्श शिक्षक मिळालं."

 मी फोन ठेवला.

रिया मात्र पांढरीफटक पडली होती. मी पेशंटवर उपचार केले असं बोर्डाने ठरवलं असतं, तर ते तिच्या देखरेखीखाली झाले असा अर्थ निघाला असता आणि तिचं लायसन्स सस्पेंड झालं असतं. "काका, सात वर्षं शिकले मी यासाठी," ती लॅबमध्ये येऊन म्हणाली आणि रडायलाच लागली. माझी नोकरी गेली असती तर मी कुठेही ग्राइंडर धरला असता. पण माझ्या आगाऊपणापायी त्या पोरीचं नुकसान होणार होतं. दारातून तोंड घातलंच कशाला, असं स्वतःला शंभरदा विचारलं.

बोर्डाच्या ऑफिसात टेबलापलीकडे दोघं जण होते. विचारायचं काम त्यातल्या वयस्कर बाईंनी केलं. त्या स्वतः जुन्या प्रोस्थेटिस्ट. इनामदार बाईंसाठी फोनवर मराठी इंटरप्रिटर लावली होती.

"मिस्टर घाटगे, तुम्ही पेशंटला हात लावलात?"

"नाही."

"मग प्रॉब्लेम कुठे आहे ते तुम्हाला कसं कळलं?"

"त्या बोलल्या ते मी ऐकलं."

त्यांनी इनामदार बाईंना विचारलं, त्या दिवशी नेमकं काय होत होतं? बाई म्हणाल्या, "काचत होतं." फोनवरची इंटरप्रिटर क्षणभर अडखळली आणि इंग्रजीत म्हणाली, "दुखत होतं."

"यावरून तर काहीच कळत नाही," बोर्डाच्या बाई म्हणाल्या.

"मॅडम, तीन आठवडे आमचं हेच झालं," मी म्हणालो. टेबलावर फाइलींचा रबरबँड पडला होता. तो मी मनगटाला दोनदा गुंडाळला, हात दुमडला आणि तो कसा रुततो ते त्यांच्यापुढे धरून दाखवलं. त्यांनी तो बघितला आणि रियाची फाइल उघडली.

रियाने त्या दिवशी सगळं लिहिलं होतं. पेशंटने वापरलेला शब्द इंग्रजी अक्षरांत 'काचतंय'. टेक्निशियनने दारातून सांगितलेला अर्थ. मग स्वतः तपासलं, वळ कुठे दिसला, रेघ कुठे मारली, कापलेलं सॉकेट स्वतः चढवलं. खाली सही आणि वेळ. मार्क फाइलीवरून सारखा मागे लागतो म्हणून आम्ही त्याला पाठीमागे हसायचो. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात हात जोडले.

शेवटी त्यांनी इनामदार बाईंना विचारलं, "आपण डॉक्टर आहोत असं यांनी तुम्हाला सांगितलं होतं का?"

"नाही. नाही म्हणूनच सांगत होते. पण आमच्याकडे बरं करतो त्याला डॉक्टरच म्हणतात."

"आणि यांनी तुमच्या पायाला हात लावला?"

बाई एकदम चिडल्या. "कुठला हात? तीनदा बोलावलं, दारातून एक पाऊल आत टाकलं नाही. पत्रात लिहिलं नाही, पण खरं तर तीच माझी तक्रार आहे. मला वाटलं, माणूस शिष्ट आहे."

इंटरप्रिटरने हे मात्र शब्दन्‌शब्द सांगितलं. बोर्डाच्या बाई हसू दाबत लिहीत राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला. 

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. कारवाई नाही. फक्त एक सूचना होती, की कर्मचाऱ्यांनी आपलं काम मोठ्या अक्षरांत लिहिलेला बॅज लावावा. मार्कने त्याच दिवशी माझा बॅज करून घेतला. घाटगे, टेक्निशियन. लांबून वाचता येईल एवढा मोठा.

पुढच्या तपासणीला बाई आल्या, त्या चालतच. मी टेपच्या अलीकडे उभा होतो. त्यांनी चष्मा पुढे घेऊन माझा बॅज वाचला आणि समाधानाने मान हलवली.

"कायम केलं वाटतं तुम्हाला. उपयोग झाला म्हणायचा पत्राचा."

"झाला, बाई," मी म्हणालो.

त्यानंतर रियाने भिंतीवरच्या नोटिशीखाली एक कागद लावला. मजकूर माझा, मराठी अक्षर तिचं, वाकडंतिकडं: 'दुखणं नीट शब्दांत सांगा. कौतुक तोंडी करा.'