बत्ती एकटी जात नाई

"बत्ती एकटी जात नाई," असे म्हणून ते खाकी कोटाच्या डाव्या खिशावर हात ठेवायचे. मागायला आलेला माणूस समजून जायचा. बत्ती पाहिजे असेल तर नाकेदारांनाही बोलवावे लागेल, बसायला खुर्ची द्यावी लागेल, आणि जेवणाच्या पहिल्या पंगतीत त्यांचे पान मांडावे लागेल.

नाव सांगत नाही. गावात कोणी त्यांना नावाने हाक मारलीही नाही. जंगल खात्यात नाक्यावर नोकरी केली, म्हणून नाकेदार. नोकरी संपली तरी नाकेदारच. बायको पूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही. वैनगंगेकाठच्या आमच्या गावात त्यांचे घर आणि माझे घर एका भिंतीचे. मी लाकडाच्या डेपोत मोजणी कारकून होतो. आलापल्लीकडून सागाचे गोल, म्हणजे ओंडके, यायचे, त्यांची लांबी आणि घेर घेणे हे माझे काम. त्यामुळे मला गोष्टी अंदाजाने सांगण्याची सवय नाही. या माणसाबद्दलही जे पाहिले तेवढेच सांगतो.

बत्ती म्हणजे गॅसबत्ती, पंप मारून पेटवायची. गावात तेव्हा चिमण्या आणि कंदील होते, गॅसबत्ती एकच. "साहेबानं मले देली," असे ते सांगत. खरे असे की एका साहेबाने ती दौऱ्यात नादुरुस्त झाली म्हणून रेस्ट हाउसच्या पडवीत टाकली होती, आणि निवृत्त होताना यांनी ती उचलून आणली. देणे आणि टाकणे यांत फरक आहे. तो मी एकदा त्यांना सांगितला. ते म्हणाले, "बाबू, साहेब माणूस टाकते तेच देणं असते."

दुरुस्ती मात्र त्यांनी चोख केली, हे आधीच सांगून टाकतो. टाकी आतून गंजली होती. त्यांनी नदीतले बारीक खडे आणि थोडे घासलेट आत घातले आणि सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, उभे राहून टाकी दोन्ही हातांनी घुसळायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ खडखडाट. रस्त्याने जाणाऱ्या बायका नमस्कार करून जात. त्यांना वाटले नाकेदारांच्या अंगात आले. पंपाचा चामड्याचा वायसर वाळून पापड झाला होता, तो एरंडेलात भिजवून मऊ केला. तेलाची फवार जिथून निघते ते भोक चोंदले होते, ते बारीक तारेने मोकळे केले. मग बत्ती बादलीत बुडवून पंप मारला आणि कुठे बुडबुडे येतात ते पाहत बसले. काच मी चांद्याहून आणली, मोटारीत सबंध वाट मांडीवर धरून. पितळ चिंचेने घासून निघाले तेव्हा ते मला म्हणाले, "पाहा बाबू, कशी नवरीवानी दिसून राह्यली."

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. वस्तू दुरुस्त होते तिथे त्यांचे काम संपत नाही, सुरू होते.

आमच्याकडे लग्ने बहुतेक गोरज मुहूर्तावर. दिवस कलला की नाकेदार मांडवात येत. पुढे बत्ती, मागे कोट. बत्ती पाटावर ठेवायची. "मागं सरा. वारा अडवू नका." वारा नसला तरी हे वाक्य व्हायचेच. मग गावाकडे पाठ करून ते खिशातून काहीतरी काढत, बत्तीवर वाकत आणि ओठ हलवत. तो मंत्र असल्याबद्दल गावात एकमत होते. मराठी की गोंडी, एवढाच वाद होता. मग वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचे. निळी ज्योत उठली की बोट वर करून, "चूप! आता ते गरम होऊन राह्यली." भटजी चूप, वाजंत्री चूप, नवरदेवही चूप. मग पंप. पंप मारता मारता साहेबाची एक गोष्ट. ती संपेपर्यंत भोक पुन्हा चोंदे, मग तार काढून पुन्हा साफ. माझ्या हिशेबाने यात काम चार आणे आणि भाषण बारा आणे. मुहूर्त कधीच टळून गेलेला असे. पण वातीच्या जागी बांधलेले जाळीचे मेंटल पांढरे फटफटीत पेटले आणि सूंऽऽ आवाज सुरू झाला की लोक "वाऽऽ" करत, आणि ते "वा" पुरते ओसरल्याशिवाय नाकेदार खुर्चीत बसत नसत.

एकदा ते मार्कंड्याच्या जत्रेला गेले असताना भजनी मंडळाने सपरीतून बत्ती नेली. सगळ्यांनी पाळीपाळीने पंप मारला. बत्तीने दोनदा उजेडाची थुंकी टाकली आणि विझली. शेवटी पंप मारून मंडळींना इतका दम लागला की भजनाला आवाज उरला नाही. नाकेदार परत आले, तेव्हा कोणी विचारायच्या आधीच म्हणाले, "मी सांगतलं होतं. बत्ती एकटी जात नाई."

तेव्हापासून त्यांच्या हाताला गुण आहे हे ठरून गेले.

पुढे गावात ग्रामपंचायत आली. पंचायतीला काहीतरी करून दाखवायचे होते. रस्ता करायचा तर खर्च, विहीर करायची तर जागेचे भांडण. तेव्हा सरपंचांनी गॅसबत्ती घेतली. "आता गावाले कोणाच्या खिशाकडं पाहाची गरज नाई," असे ते सभेत म्हणाले. बत्तीला हार घातला. बत्तीसाठी समिती नेमली. सभा भर दुपारी होती, त्यामुळे बत्ती पेटवून पाहण्याची सूचना कोणी केली नाही. उद्घाटन सरपंचांच्या मुलीच्या लग्नात होईल असे ठरले.

आमच्याकडे लग्नाचे बोलावणे म्हणजे अक्षत. पिवळे तांदूळ घेऊन एक माणूस घरोघरी जातो. सरपंचांचा माणूस सगळ्या गावात फिरला. माझ्या दारी आला. तिथून नाकेदारांच्या दाराकडे वळला, थांबला आणि म्हणाला, "अरे हो, बत्ती तं आता आपली हाये. मंग बत्तीच्या घरी काऊन जा?" आणि पुढच्या घरी गेला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. बत्तीच्या घरी बत्तीचे काम उरले नव्हते, इतकेच. नाकेदार सपरीत बसले होते. त्यांनी ऐकले.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी पाहिले तर त्यांनी बत्ती घासून ठेवली होती आणि कोट घातला होता. "कुठं निघालात?" मी विचारले. "कुठी नाई. थंडी हाये." वैशाख होता.

मांडवात काय झाले ते मी समोर बसून पाहिले. नव्या बत्तीची दोन मेंटले सरपंचांच्या घरी ठेवली होती. मेंटल कोरे असते तेव्हा रेशमी जाळीच्या लहानशा पिशवीसारखे दिसते, बाहुलीच्या टोपड्याएवढे. सरपंचांच्या आईने ते पाहिले. कोणाचे कापड, कोणाच्या हातचे, आणि लावायचे देवाच्या कार्यात! तिने दोन्ही मेंटले रिठ्याने स्वच्छ धुतली आणि तुळशीजवळ वाळत घातली. मेंटल ज्या औषधाने उजेड देते ते औषध रिठ्याबरोबर वाहून गेले, ही गोष्ट तेव्हा त्या घरात कोणाला ठाऊक नव्हती.

समितीने मेंटल बांधले. बत्ती पेटवली. मेंटल भुर्रकन कागदासारखे जळून गेले. दुसरे बांधले. तेही गेले. तिसरे नव्हते. गाई घरी आल्या होत्या, मांडवात अंधार होत होता. बायकांनी चिमण्या आणल्या तर त्या वाऱ्याने विझू लागल्या. त्या दिवशी वारा खरोखरच होता. वरपक्षातला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "अंधारातच देता का जी पोरगी? कोणती हाये ते पाहू तं द्या!" लोक हसले. सरपंच हसले नाहीत. मुलीकडची माणसे खाली पाहू लागली.

कोतवाल पळत नाकेदारांकडे गेला आणि परत आला. "ते म्हणून राह्यले, बत्ती एकटी जात नाई."

"मंग त्यालेही आण!"

"ते म्हणते, मले अक्षत नाई."

सरपंच काही बोलणार, तोवर त्यांची आई उठली. तांदळाची वाटी घेतली आणि मला म्हणाली, "चला बाबू, तुमी शेजारी आहा."

नाकेदार सपरीत तसेच बसले होते.

"नाकेदार, चला ना जी. मांडव अंधारात हाये."

"ते बत्तीचं काम हाये, माय. माह्यं नाई."

"असं काऊन बोलता?"

"गावभर अक्षत फिरली, माह्या दारावरून गेली. तुमचा माणूस म्हणे, बत्तीच्या घरी काऊन जा? म्हणजे हे घर बत्तीचं. मंग मी इथी भाड्यानं राहून राह्यलो का?"

म्हातारीने वाटी सावरली. मग पायरी चढली आणि त्यांच्या हातावर तांदूळ ठेवले. "हे घ्या. बत्तीले नाई. तुमाले."

नाकेदारांनी तांदूळ कपाळाला लावले, उजव्या खिशात ठेवले. कोटाची बटणे लावली, काठी घेतली आणि पायऱ्या उतरून चालू लागले. हात रिकामे.

"अन् बत्ती?" म्हातारी ओरडली.

"अक्षत मले देली. तिले कुठी देली?"

"अगो बाई! तुमी तं नवरदेवाच्या मावशीच्या वरताण निघालात," म्हातारी म्हणाली. पण परत फिरली आणि बत्तीच्या झाकणावर चार दाणे टाकले. तेव्हा कुठे नाकेदार वळले.

मग जे केले ते त्यांनी पहिल्यांदाच पाठ न करता केले. डाव्या खिशातून चुन्याची डबी काढली. डबीत चामड्याची एक टिकली होती, बायका कपाळाला लावतात तेवढी. बत्तीच्या झाकणावर हवा सोडायचा एक बारका पेच असतो. त्यांनी पेच काढला, टिकली त्याखाली बसवली आणि पेच आवळला. बस्स. टिकली नसली की मारलेली हवा तिथून हळूच निघून जाणार. भजनी मंडळाने मारली काय, उद्या समितीने मारली काय. गाव ज्याला मंत्र म्हणत होते तो नाकेदारांच्या जुन्या बुटाचा तुकडा होता.

मी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "बाबू, टिकलीशिवाय तिले बलावलं असतं लोकायनं. मले कोण बलावलं असतं?" मग बत्ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुमी घ्या. आज मी पाहुणा हाय."

मांडवात पाहुणे म्हणून ते खुर्चीवर बसले खरे, पण राहवले नाही. "हळू मारा पंप! म्हैस दोहून राह्यले का?" असे तिथूनच सुरू झाले. मेंटल पेटले, मांडव उजळला, नवरी दिसली, वरपक्षाचा म्हातारा गप्प झाला. तेवढ्यात नाकेदार पंचायतीच्या विझलेल्या बत्तीपाशी गेले, मेंटलच्या उरलेल्या दोऱ्याचा वास घेतला आणि सरपंचांच्या आईला हळूच विचारले, "माय, धुतलं का?"

"मंग? तसंच लावाचं?"

ते परत खुर्चीवर जाऊन बसले. समितीने दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा मोठ्याने म्हणाले, "माल हलका होता." समितीने तसाच ठराव केला. खरे कारण मला माहीत होते, म्हातारीलाही पुढे कळले. ठरावात ते आले नाही.

त्यानंतर गावात रीत पडली. नाकेदारांच्या दारी अक्षत दोनदा द्यायची. आधी माणसाला, मग बत्तीला. क्रम चुकला तर ते दाणे परत देत. पंचायतीची बत्ती हारासकट कपाटात होती, समिती तिची देखरेख करत होती.

दोन-तीन वर्षांनी त्यांना खोकला लागला. थंडीत ते खाटेवरून उठेनासे झाले. फाल्गुनात गावातल्या एका ढिवराच्या घरी लग्न होते. नदीवर मासे धरणारी ती माणसे. अक्षत रीतीप्रमाणे आली होती, आधी त्यांना, मग बत्तीला. दिवस कलायच्या सुमारास मी जाऊन बसलो. त्यांनी बत्ती खाटेजवळ घ्यायला लावली, डबी काढली, टिकली पेचाखाली बसवली. मग रिकामी डबी माझ्याकडे सरकवली.

"न्या तिले."

"आणि तुम्ही?"

"मी येतो मागून."

मी बत्ती घेऊन मांडवात गेलो. लोकांनी माझ्या मागे पाहिले. मागे कोणी नव्हते. मी मागे सरा म्हटले नाही, वारा अडवू नका म्हटले नाही, मला साहेबाची गोष्ट येत नव्हती. बत्ती पहिल्या पेटवण्यात लागली. "वा" कोणी केले नाही. भटजींनी मुहूर्त पाहिला, तो अजून यायचा होता, म्हणून सगळे थांबले. आमच्या गावात वेळेवर लागलेले ते पहिले लग्न.

बत्तीशेजारी सवयीने खुर्ची मांडली होती. सरपंच आले आणि बसायला वाकले. त्यांच्या आईने काठीने खुर्ची मागे ओढली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "अक्षत देली हाये त्याले."

मंगलाष्टके झाली, पंगती उठल्या. सरपंच उभेच होते. बत्ती सूंऽऽ करत होती आणि तिचा सगळा उजेड त्या रिकाम्या खुर्चीवर पडला होता.