वरच्या मजल्यावरची बैठक

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. आता टाळायचाही थकवा येतो.

कोळशातली राख मोजायची रीत सगळ्या देशांत एकच असावी, म्हणून एक आंतरराष्ट्रीय बैठक भरत असे. भारतात आली की दिल्लीला, नाही तर मुंबईला. सत्तरीचं दशक संपता संपता ती नागपूरला यावी म्हणून मी हट्टाने पत्रं लिहिली. शहर देशाच्या मधोमध, सगळ्यांना सारखंच जवळ, असा माझा मुद्दा. तो मानला गेला. मी महिनाभर छाती काढून फिरलो.

मग बैठकीच्या जागेची माहिती भरायचा छापील तक्ता आला. त्यात एक रकाना होता : सभागृहात पोचायला कुणाला अडचण येईल काय? आमच्या कोळसा तपासणीच्या कचेरीत रकाना कोरा सोडायची पद्धत नव्हती. विचार करायचा नसला की ‘निरंक’ लिहायचं आणि पुढे सरकायचं. मी इंग्रजीत तेच लिहिलं. सभागृह पहिल्या मजल्यावर होतं, जिना उभा. खाली ग्रंथालयाची लांब खोली होती, पण तिथले पंखे जुने. परदेशी पाहुण्यांना बरं दिसणार नाही, असं मला वाटलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर माझा मित्र बसे. उमरेडच्या विणकराच्या घरातला, लहानपणी पोलिओ झालेला, पायात लोखंडी कॅलिपर. वॅगनमधून कोळशाचा नमुना कसा उचलावा, याची नवी रीत त्याची होती. ती मान्य व्हावी एवढीच त्याची धडपड. निबंध तोच वाचणार होता.

“खालची खोली काय वाईट हाय गा?” त्याने विचारलं होतं.

“तुला उचलून नेतील. मिनिटाचं काम,” मी म्हणालो.

बैठकीच्या सकाळी दोन शिपायांनी त्याला खुर्चीसकट उचललं. दोन पायऱ्या चढले असतील. वरून उतरणारे पाहुणे भिंतीला टेकून वाट देऊ लागले, एकाने कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

“उतरवा खाली,” तो म्हणाला. “वरात हाय काय माही?”

मग त्याने निबंध माझ्या हातात दिला. “तूच वाच. कागद तं चढते ना जिना.”

मी वाचला. सुरुवातीलाच सांगितलं, लेखकाची प्रकृती बरी नाही. एका पाहुण्याने ओल्या कोळशाबद्दल प्रश्न विचारला. उत्तर नेमकं आमच्या पायाखाली, ग्रंथालयात बसलेलं. चला, सगळे खाली जाऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण मग माझा तक्ता खोटा पडला असता. “लेखी कळवू,” मी म्हणालो. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. ती परदेशात होती. तिथे ह्याला कोण पाठवणार?

“कोणी काही विचारलं काय?” खाली त्याने विचारलं.

“नाही. पुढच्या खेपेला घेऊ म्हणाले.”

“काहीच नाही?”

“वेळ नव्हता रे.”

काही महिन्यांनी बैठकीचं छापील इतिवृत्त टपालाने आलं आणि आधी त्याच्या टेबलावर गेलं. त्यात तो प्रश्न होता, माझं ‘लेखी कळवू’ होतं, लेखकाचं आजारपणही होतं. त्याने ते सावकाश वाचलं, मिटलं, माझ्यासमोर ठेवलं.

“काहून गा,” तो म्हणाला, “माही तब्येत आता बरी हाय काय?”

त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही शेजारी बसलो, एका किटलीतला चहा प्यालो. त्याने पुन्हा विचारलं नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही.